१४१ ला थांबवलेली स्ट्रेस टेस्ट

केस माझीच आहे, त्यामुळे मधूनमधून स्वतःची बाजू घेतली जाईल, तेवढं चालवून घ्या. पुरुष, वय ५४, वजन ६८ किलो, चौदा वर्षं धावतोय, आठवड्याला ४० ते ४५ किलोमीटर, हाफ मॅरेथॉनचा बेस्ट टाइम १ तास ४६ मिनिटं, सकाळी उठल्या उठल्या पल्स ४८. सिगारेट कधीच नाही, शुगर नाही, बीपी नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३८, त्यावर आधीचे डॉक्टर 'बॉर्डरलाइन आहे, बघू' म्हणाले होते आणि मी त्यातलं फक्त 'बघू' तेवढं ऐकलं. वडिलांना ५२ व्या वर्षी हार्ट ॲटॅक. हे कुठल्याही फॉर्मवर लिहिताना मनातल्या मनात उत्तर तयार असायचं, की ते दिवसाला पाकीटभर ओढायचे, दोन पावलं चालायचे नाहीत, माझा त्याच्याशी काय संबंध.

त्रास काय होता

साधारण तीन महिने चालू होतं. घरातून निघालं की पाचसहा मिनिटांत एक चढ लागतो, तिथे छातीच्या मधोमध आवळल्यासारखं व्हायचं. दुखणं नाही, आवळणं. बनियनच्या आतून कोणीतरी मूठ वळून धरलीये असं, आणि त्याच वेळी खालच्या दातांत डाव्या बाजूला बारीक ठणका. वेग कमी केला की दीडदोन मिनिटांत गायब, आणि गंमत म्हणजे त्यानंतर बारा-पंधरा किलोमीटर धावलो तरी काही नाही, परतीच्या चढावरसुद्धा नाही. थंडी असली की जास्त.

मी छातीला हार्ट रेटचा पट्टा लावतो. पहिला संशय त्याच्यावर. थोडा सैल केला, पुढच्या आठवड्यात अजून सैल केला, शेवटी तो धावताना पोटावर घसरायला लागला तरी आवळणं होतंच. मग ॲसिडिटी ठरवली आणि रोज रात्री गोळी सुरू केली. बायको म्हणाली, "ॲसिडिटीला बरा तोच चढ सापडतो रोज." तेव्हा मी चिडलो होतो. खरं तर तीन महिन्यांत या विषयावर कोणी बोललेलं हे सगळ्यात अचूक वाक्य होतं.

आमच्यासारख्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. पुढे पंधरा किलोमीटर काही होत नाही म्हणजे हार्ट ठणठणीत, असा सरळ हिशोब आपण करतो. पण सुरुवातीला येणारं, थोडं थांबल्यावर जाणारं आणि मग अंग तापल्यावर परत न येणारं दुखणं डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं आहे, त्याला वॉर्म-अप अंजायना म्हणतात (अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणारा त्रास). पहिल्या श्रमात हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं, त्यानंतर काही वेळ तोच स्नायू तेवढाच ताण जास्त चांगला सोसतो. म्हणजे पुढचे पंधरा किलोमीटर हा पुरावा नव्हताच. चढ हाच पुरावा होता.

पहिली टेस्ट

डॉक्टरकडे न जाता थेट एका चेकअप सेंटरला गेलो, पॅकेजमध्ये टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट होती. फॉर्मवर प्रश्न होता, छातीत दुखतं का, हो किंवा नाही. मी 'नाही'वर टिक केली कारण दुखत नव्हतंच, आवळत होतं. याचा दोष सेंटरला देता येत नाही, पण ती टिक सोडून मला दुसरं कोणी काही विचारलंही नाही. आणि अजून एक शहाणपणा, त्या दिवशी सकाळी सहा किलोमीटर हळू धावून गेलो होतो, म्हटलं अंग मोकळं असेल तर टेस्ट चांगली जाईल. चांगली गेली, हो, गेलीच.

ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. छातीवरचे केस काढतात, कातडी खरखरीत कागदासारख्या पट्टीने घासतात (हे मात्र चांगलंच झोंबतं), त्यावर दहा इलेक्ट्रोड चिकटवतात. साध्या ईसीजीत हातापायाला लावतात ते चार इथे खांद्याखाली आणि पोटाच्या कडेला येतात, नाहीतर हात हलला की सगळा ग्राफ नाचतो. ही मांडणी १९६६ पासून चालत आलीये. मग ट्रेडमिल. पण जिममधल्यासारखं नाही, इथे वेगाबरोबर चढही वाढत जातो. बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉल असतो, सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस या हार्टच्या डॉक्टरांचा, १९६३ चा. दर तीन मिनिटांनी एक पायरी. पहिली २.७ किलोमीटर ताशी आणि १० टक्के चढ, दुसरी ४ आणि १२ टक्के, तिसरी ५.५ आणि १४ टक्के, चौथी ६.८ आणि १६ टक्के, आणि तसंच पुढे. धावणाऱ्याला पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे विनोद वाटतो आणि तिसरीला अचानक पोटऱ्या बोलायला लागतात, कारण तो वेग धड चालायचा नाही, धड पळायचा नाही, आणि आपले पाय अशा चढाला सरावलेले नसतात. दम लागायच्या आधी पोटरी भरून आली असे कितीतरी रनर भेटतील.

"काका, दांडी धरा, पडाल," टेक्निशियन मुलगा दोनदा म्हणाला. धरली. तिसऱ्या पायरीला पल्स १३०, १३५, मी आत्ता कुठे गरम होत होतो. ८ मिनिटं ५० सेकंदांना पल्स १४१ झाली, मशीनने बीप केलं आणि पट्टा मंदावायला लागला.

"झालं काका, टार्गेट आलं."

"अजून जमेल की मला, आत्ता तर सुरू झालं."

"नको, एवढं पुरतं. रिपोर्ट छान आहे तुमचा."

मिनिटभर हळू चालवलं, पुढचा माणूस आत येऊन शर्ट काढतच होता, माझ्या वायरी उतरल्या. रिपोर्ट आला: ८ मिनिटं ५० सेकंद, १०.१ मेट्स (श्रमाचं माप), सर्वोच्च पल्स १४१, बीपी १७२/८०, एसटी (ईसीजीत मोठ्या टोकानंतरची रेघ) बदल नाही, टेस्ट निगेटिव्ह. मी तो फ्रेम करायचाच बाकी ठेवला. बायकोच्या समोर ठेवून म्हटलं, बघ, ॲसिडिटी.

आणि मग मी तो चढ जोरात चढायला लागलो. हे लिहिताना आजही पोटात गोळा येतो. रिपोर्ट निगेटिव्ह आहे म्हणून आवळणं आलं तरी वेग कमी करायचा नाही, दामटायचं, असं दोन आठवडे केलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ठणका दातातून जबड्यात आणि कानापर्यंत गेला आणि मी रस्त्याच्या कडेला खाली बसलो. पाच मिनिटं. घरी सांगितलं नाही, पण पँटच्या मागे धूळ होती. दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट बायकोनेच घेतली, आणि त्या दिवशी धावायला जाऊ दिलं नाही.

१४१ आला कुठून

२२० वजा वय हा हिशोब सगळ्यांना पाठ आहे. २२० वजा ५४ म्हणजे १६६, त्याचे ८५ टक्के १४१. हा फॉर्म्युला १९७१ च्या सुमारास रूढ झाला, आणि तो खास त्यासाठी काटेकोर अभ्यास करून काढलेला नव्हताच, आधीच्या वेगवेगळ्या आकड्यांवरून ओढलेली ती एक ढोबळ रेघ. २००१ मध्ये तनाका नावाच्या संशोधकांच्या गटाने २०८ वजा वयाच्या ०.७ पट असा सुधारून दिला, त्याने माझे १७० येतात. पण कुठलाही फॉर्म्युला घ्या, खरा माणूस त्याच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी नॉर्मल. माझ्या घड्याळात मागच्याच शर्यतीच्या शेवटी १७८ ची नोंद आहे. म्हणजे १४१ हे माझ्या खऱ्या कमालीच्या जेमतेम ७९ टक्के झाले. मी त्या पल्सवर गप्पा मारत धावतो.

आणि मूळ मुद्दा असा की ८५ टक्के हे थांबायचं ठिकाण नाहीच. त्याच्या आत टेस्ट थांबली आणि ईसीजी साफ असला तर 'निष्कर्ष काढता येत नाही' असं म्हणायचं, एवढ्यासाठी ती रेघ. पासिंग मार्क आहेत ते. पेपर ३५ मार्कांपर्यंत लिहून झाला की शिक्षकांनी हातातून ओढून घ्यायचा आणि सांगायचं पास झालास, घरी जा, तसं माझं झालं. गाइडलाइन काय सांगतात, तर माणूस दमेपर्यंत किंवा त्रास होईपर्यंत किंवा ईसीजी-बीपीत थांबवण्यासारखं काही दिसेपर्यंत चालवा.

त्यात दांडी. दांडी धरली की वजन हातांवर जातं, खरं काम कमी होतं आणि मशीन वेग आणि चढावरून मेट्स काढतं, त्याला दांडीचं काय कळणार. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारा ऑक्सिजन, किलोमागे मिनिटाला ३.५ मिलीलीटर. माझे १०.१ मेट्स म्हणजे खरे बहुधा त्याहून कमीच. सपाटीवर ताशी दहा किलोमीटरने धावायला साधारण १० मेट्स लागतात, आणि चढावर त्याहून बरेच जास्त. आता लक्षात येतंय का? मला त्रास व्हायचा त्या पातळीपर्यंत टेस्ट पोचलीच नाही. दुखणं दुसऱ्या मजल्यावर राहत होतं आणि आम्ही पहिल्या मजल्यावर बेल वाजवून परत आलो.

दुसऱ्या डॉक्टर

मॅडमनी रिपोर्ट बघायच्या आधी वीस मिनिटं नुसतं विचारलं. कधी, कुठे, किती वेळ, कशाने जातं. "नेमकं कुठे होतं ते हाताने दाखवा." मी मूठ वळून छातीच्या मधोमध ठेवली. त्या किंचित हसल्या आणि म्हणाल्या, एका बोटाने दाखवणारे बरेचसे स्नायूचं नाहीतर बरगडीचं दुखणं घेऊन आलेले असतात, मूठ ठेवणाऱ्याकडे मी जरा नीट बघते. या खुणेला लेव्हाइन साइन म्हणतात हे मला नंतर कळलं. छातीच्या मधोमध, श्रमाने येणारं, थांबल्यावर काही मिनिटांत जाणारं, या तिन्ही गोष्टी जमल्या की ते टिपिकल अंजायना. यातलं माझ्याकडे काहीच कमी नव्हतं. १७६८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांसमोर विल्यम हेबर्डन यांनी अंजायनाचं पहिलं नीट वर्णन मांडलं, त्यात चालताना, विशेषतः चढ चढताना येतं आणि उभं राहिलं की जातं, असंच आहे. अडीचशे वर्षं जुनं वर्णन आणि मी पट्टा सैल करत बसलो होतो.

मग त्यांनी कागदावर एक हिशोब करून दाखवला, तो मला सगळ्यात जास्त पटला म्हणून इथे देतो. साध्या ईसीजीवाल्या स्ट्रेस टेस्टची ताकद किती, तर १९८९ मध्ये शंभरावर अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा की ज्यांना खरोखर ब्लॉकेज आहे त्यातले ६८ टक्के ती पकडते, आणि ज्यांना नाही त्यातल्या ७७ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह सांगते. आता माझ्यासारखा त्रास असलेले शंभर लोक घ्या, धरून चालू की त्यातल्या ५० जणांना ब्लॉकेज आहे. ३४ सापडतील, १६ सुटतील. उरलेल्या ५० तले ३८-३९ बरोबर निगेटिव्ह. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी जाणाऱ्या ५४-५५ लोकांतल्या १६ जणांना, दहातल्या तिघांना, आजार आहेच. आणि हे टेस्ट पूर्ण केली तर.

आता उलटं बघा. काहीच त्रास नसलेले शंभर फिट लोक, धरू त्यातल्या ५ जणांना ब्लॉकेज आहे. ३-४ सापडतील, पण ९५ निरोगी लोकांतले जवळजवळ २२ जण उगाच पॉझिटिव्ह येतील. आमच्या ग्रुपमधल्या एका ४३ वर्षांच्या सायकलवालीचं अगदी हेच झालं, काही त्रास नाही, शर्यतीच्या सर्टिफिकेटसाठी टेस्ट केली, पॉझिटिव्ह, दोन आठवडे झोप नाही, शेवटी सीटी अँजिओ (हृदयाच्या नळ्यांचं स्कॅन) एकदम साफ. बायकांमध्ये असा खोटा पॉझिटिव्ह जास्त येतो, आणि वर्षानुवर्षं व्यायाम केलेल्यांच्या ईसीजीत मुळातच काही गोष्टी वेगळ्या दिसतात, त्याने वाचणाऱ्याचा अजून गोंधळ. म्हणून त्रास नसताना 'एकदा करूनच टाकू' याला मी आता फार उत्साहाने हो म्हणत नाही. टेस्ट तीच, पण तुम्ही काय तक्रार घेऊन गेलात त्यावर तिच्या उत्तराचा अर्थ बदलतो.

मी विचारलं, मग परत टेस्ट कशाला, सरळ सीटी करू. म्हणाल्या, सीटी करणारच आहोत, पण नळी किती अरुंद आहे हे ती सांगेल, तुम्हाला किती लोडला त्रास होतो आणि त्या वेळी बीपी काय करतं हे नाही सांगणार. तुम्ही परत धावणार आहात, मला तो आकडा हवाय. या वाक्यावर मी त्यांचा पेशंट झालो.

दुसरी टेस्ट

आदल्या दिवशी धावायचं नाही. तीन तास आधीपासून पोट रिकामं, चहा-कॉफी बंद, बूट रोजचेच. वॉर्म-अप बिलकुल नाही, जिना पण नाही, लिफ्टने या. पहिल्या टेस्टच्या दिवशी मी धावून गेलो होतो हे ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, त्याचाही हातभार लागलेला असू शकतो म्हणाल्या.

या वेळी खोलीत त्या स्वतः, शेजारी शॉक द्यायचं मशीन चालू करून ठेवलेलं. मी ते बघतोय हे बघून म्हणाल्या, घाबरू नका, १९७१ च्या एका पाहणीत एक लाख सत्तर हजार टेस्ट मोजल्या होत्या, दहा हजारात एक मृत्यू असं प्रमाण निघालं, आणि आम्ही त्या एकासाठीच हे उघडं ठेवतो. भिंतीवर ६ ते २० आकड्यांचा तक्ता, बोर्ग स्केल, दर तीन मिनिटांनी किती जड वाटतंय तो आकडा सांगायचा. दांडीवर फक्त दोन बोटं, तीही तोल गेला तर.

३ मिनिटांना मी ७ सांगितलं, ६ ला ९, ९ ला १२. पल्स १४० च्या वर गेली, मशीनने बीप केलं, मॅडमनी बटण दाबून ते बंद केलं आणि चौथी पायरी लागली. १६ टक्के चढ, ६.८ चा वेग, मी हळू पळायलाच लागलो. दहा मिनिटं वीस सेकंद. आलं. आधी दातात, मग छातीत, अगदी ओळखीचं. इतके महिने ज्याला नाही नाही म्हणत होतो ते आलं म्हणून मला विचित्र आनंद झाला, खोटं नाही बोलत. "मॅडम, हेच ते." त्या माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे बघत होत्या. म्हणाल्या, "दिसतंय. वाढलं की सांगा." अकराव्या मिनिटाला मी हात वर केला आणि त्यांनी थांबवलं.

तो कागद माझ्याकडे आहे. व्ही५ नावाच्या लीडमध्ये (छातीवरच्या एका इलेक्ट्रोडच्या ग्राफमध्ये) सुरुवातीच्या ठोक्यांत मोठ्या उंच टोकानंतर रेघ परत मूळ पातळीवर येते आणि तिथून पुढे जाते, आणि अकराव्या मिनिटाच्या ठोक्यात तीच रेघ दोन बारीक चौकोन खाली येऊन तिथेच सपाट पडलीये, एखादी फळी दोन पायऱ्या खाली ठेवल्यासारखी. एक बारीक चौकोन म्हणजे एक मिलीमीटर. सपाट किंवा खाली उतरती आणि एक मिलीमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात. वर चढत जाणारी असेल तर तिला तितकी किंमत नाही, जोरात पळताना ती पुष्कळ निरोगी लोकांत दिसते, आणि सायकलवालीच्या रिपोर्टात तीच होती.

सर्वोच्च पल्स १६२, बीपी १९०. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे हृदय किती मेहनत करतंय त्याचं माप, ३०,७८०. पहिल्या टेस्टमध्ये हाच गुणाकार २४,२५२ होता. हृदयाच्या स्नायूची अडचण ही की तो स्वस्थ असतानाही रक्तातला ७०-७५ टक्के ऑक्सिजन खेचूनच घेत असतो, मेहनत वाढली की अजून खेचायला फारसं काही उरत नाही, रक्तच जास्त यावं लागतं. नळी अरुंद असली की एका हद्दीपर्यंत भागतं आणि मग भागत नाही. माझी हद्द त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी.

झोपवून सहा-सात मिनिटं वायरी तशाच ठेवल्या. आवळणं दोन मिनिटांत गेलं पण रेघ वर यायला पाच मिनिटं लागली. काहींमध्ये रेघ खाली जाते तीच मुळी थांबल्यानंतर, त्यामुळे एका मिनिटात वायरी काढणं म्हणजे पिक्चर इंटरव्हलला सोडणं. पहिल्या मिनिटात पल्स १६२ वरून १३६ वर आली, २६ ने. ती १२ किंवा त्याहून कमीने उतरली तर वाईट लक्षण मानतात, १९९९ च्या एका मोठ्या अभ्यासापासून.

आता ड्यूक स्कोअर, म्हणजे टेस्टवरून धोका मोजायचा हिशोब. किती मिनिटं चाललात, त्यातून एसटीच्या मिलीमीटरची पाच पट वजा, आणि छातीच्या त्रासाची चार पट वजा (त्रास नाही तर ०, झाला तर १, त्यामुळे थांबावं लागलं तर २). पहिल्या टेस्टचा माझा स्कोअर जवळपास अधिक ९. ५ किंवा वर म्हणजे कमी धोका. दुसऱ्याचा ११ वजा १० वजा ८, म्हणजे उणे ७, मध्यम धोका. उणे ११ किंवा त्याखाली असता तर जास्त. एकच माणूस, चार आठवड्यांचं अंतर.

पुढे काय झालं

सीटी अँजिओत डावीकडची मुख्य नळी साफ, तिच्यातून निघून हृदयाच्या पुढच्या बाजूने जाणाऱ्या नळीत मधोमध ७० ते ८० टक्के ब्लॉकेज, बाकी ठिकाणी किरकोळ. कॅल्शियम स्कोअर (नळ्यांच्या भिंतीत साचलेल्या कॅल्शियमचं माप) २४०. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचा व्यायाम करणाऱ्या पुरुषांमध्ये असं कॅल्शियम जमलेलं जास्त सापडतं, हे २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासांत दिसलंय, पण ते थर बरेचदा घट्ट, दगडासारखे असतात आणि पटकन फुटणाऱ्यातले नसतात. अर्धीच चांगली बातमी.

घरच्यांचं म्हणणं, उद्याच स्टेंट टाका. मॅडमनी २०२० च्या इस्किमिया नावाच्या चाचणीबद्दल सांगितलं, पाच हजारांहून जास्त लोक, हृदयाच्या नळ्यांचा स्थिर आजार असलेले, मुख्य डावी नळी साफ असलेले. लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेले आणि आधी औषधांवर ठेवलेले, यांच्यात मृत्यू आणि ॲटॅकच्या बाबतीत ठळक फरक पडला नाही, मात्र ज्यांना त्रास वारंवार होता त्यांना स्टेंटने आराम जास्त मिळाला. निर्णय तुमचा. मी औषधं घेतली: स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं), ॲस्पिरिन, बीटा ब्लॉकर (पल्स खाली ठेवणारी गोळी) आणि खिशात जिभेखालची गोळी. आराम पडला नाही तर स्टेंट, असं ठरलं.

एक गोष्ट त्यांनी स्पष्ट केली, कारण मी विचारलं की पहिली टेस्ट नीट केली असती आणि खरोखर निगेटिव्ह आली असती तर मी सेफ होतो का. नाही. ही टेस्ट रक्ताला अडवणारं ब्लॉकेज शोधते. ३०-४० टक्क्यांचा मऊ थर रक्त अडवत नाही, टेस्टमध्ये दिसत नाही, आणि एक दिवस तोच फुटून गुठळी होते. अमेरिकेतले टीव्ही पत्रकार टिम रसर्ट यांची २००८ च्या एप्रिलमध्ये स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती, जूनमध्ये ५८ व्या वर्षी कामावर असतानाच गेले. म्हणून एलडीएलचं 'बघू' बंद. माझा आता १३८ वरून ६१ वर आहे.

बीटा ब्लॉकरबद्दल रनर मंडळी भरपूर कुरकुर करतात आणि त्यांचं खरं आहे, पहिला महिना पाय भरलेले, पल्स वर जायलाच तयार नाही, घड्याळातले सगळे झोन कचऱ्यात. पण गोळीचं कामच ते. दोन महिन्यांनी तिसरी टेस्ट केली, मुद्दाम गोळ्या चालू ठेवून. १२ मिनिटं, सर्वोच्च पल्स १३९, बीपी १७६, गुणाकार २४,४६४, रेघ अर्धा मिलीमीटर, आवळणं नाही. जास्त लोड, पण हृदयाची मेहनत पहिल्या टेस्टएवढीच. त्यावरून मला हद्द आखून मिळाली, १३० च्या वर जायचं नाही, आधी पंधरा-वीस मिनिटं चालून अंग तापवायचं, शर्यती सध्या बंद. २२० वजा वयाने असलं काही मिळालं नसतं. आणि हो, जाता जाता म्हणाल्या की १२ मेट्सच्या वर जाताय हीच तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, २००२ मध्ये सहा हजारांवर पुरुषांच्या अभ्यासात एकेका मेटमागे जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी सुधारलेली दिसली होती. धावण्याने ब्लॉकेज थांबलं नाही, पण ते असतानाही मी इतका चालतोय ते बहुतेक धावण्यामुळेच.

पहिल्या सेंटरला दोन्ही रिपोर्ट जोडून मेल केली. उत्तर आलं की टेस्ट त्यांच्या ठरलेल्या पद्धतीनेच झाली आहे. तेही खोटं नाही. त्या मुलाचा तर काहीच दोष नाही, त्याला मशीनने जे सांगितलं ते त्याने केलं.

सध्या आठवड्यातून चार दिवस, किलोमीटरला साडेसहा मिनिटं अशा वेगाने, आठ ते दहा किलोमीटर. घड्याळात १३० चा अलार्म आहे. चढाच्या मध्यावर दुसऱ्या खांबाशी तो वाजतो, तिथे चालायला लागतो, मागून येणारी पोरं "काय काका, दमलात?" म्हणत पुढे जातात. वर पोचेपर्यंत १२० वर येतो आणि मग परत धावायला लागतो.